म्हापणकरबाईंचं रोजचं उद्घाटन

"म्हापणकरबाई अतिशय शांत, सोज्वळ आणि सर्वांशी जुळवून घेणाऱ्या होत्या," असं समितीचे अध्यक्ष शोकसभेत म्हणाले आणि मी उठून बाहेर आले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बरं बोलावं, हे मलाही कळतं. पण बरं बोलणं वेगळं आणि माणूसच बदलून टाकणं वेगळं. कुंदा म्हापणकर शांत नव्हत्या. सोज्वळ तर मुळीच नव्हत्या. आणि जुळवून घेण्याचं म्हणाल, तर आम्ही दोघी ज्या समितीत होतो, तिच्या एकाही बैठकीत त्यांनी या गृहस्थांना आपलं वाक्य पुरं करू दिलं असेल तर शपथ. जिवंतपणी जे जमलं नाही, ते त्या मेल्यावर अध्यक्षांनी साधून घेतलं. बाईंना गप्प बसवलं.

म्हणून हे लिहिते आहे. निदान एका ठिकाणी तरी कुंदाताई चिडलेल्या राहाव्यात.

ही समिती शहरासाठी नेमलेली. कोणी एकटं, बाजूला पडू नये, अपंगांना, म्हाताऱ्यांना, घरात अडकून पडलेल्यांना चारचौघांत येता यावं, म्हणून वस्त्यांमधल्या मंडळांना, महिला गटांना, सोसायट्यांना छोटी छोटी अनुदानं द्यायची, हे तिचं काम. कल्पना चांगली होती. मी अजूनही म्हणते, चांगली होती. बैठका अंधेरीला व्हायच्या. मुलुंडच्या एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मला घेतलं होतं. कुंदाताई अपंगांच्या वतीने होत्या. लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्या पायाला मांडीपासून खालपर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे. वडील मालवणकडून गिरणीत आलेले. बाई स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. घाटकोपरला वडिलांच्याच खोलीत राहायच्या.

पहिल्याच बैठकीत त्यांची ओळख झाली. टेबलावर प्रत्येकासमोर नावाची पाटी होती. त्यांच्यासमोरच्या पाटीवर नुसतं 'दिव्यांग प्रतिनिधी' असं होतं. बाई उभ्याच राहिल्या. पाटी उचलली, मागून पुढून बघितली आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "साहेब, माझं नाव छापायला शाई कमी पडली का?"

अध्यक्ष हसले. "बाई, तो आपला सन्मान आहे."

"असं होय? मग तुमच्या पाटीवर 'धडधाकट प्रतिनिधी' का नाही? तुम्हालाही सन्मान मिळू दे."

कोणीतरी घाईघाईने कागदावर त्यांचं नाव लिहून पाटीवर चिकटवलं. पुढच्या बैठकीला छापील पाटी आली, तर तिच्यावर 'श्रीमती म्हापणकर (दिव्यांग)'. त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि परत कधी दिली नाही. घरी गॅसच्या शेगडीचा पाय डुगडुगत होता, त्याखाली ती बसवली, असं मला नंतर कळलं.

एक्स्चेंजची सवय आयुष्यभर राहिली. ट्रंक कॉलच्या काळात रडणाऱ्यांना, भांडणाऱ्यांना, प्रेमाचं बोलणाऱ्यांना मध्येच तोडून "वेळ झाली" सांगायचं, हे त्यांचं काम होतं. त्यामुळे लांबण लावणाऱ्याची त्यांना दया येत नसे. "लाइन सोडा," म्हणायच्या. अध्यक्षांचं प्रास्ताविक चालू असताना म्हणायच्या, सचिव अहवाल वाचत असताना म्हणायच्या. एकदा एक पाहुणे सर्वसमावेशकतेवर बोलता बोलता थेट वेदांपर्यंत पोचले, तेव्हा, "हा राँग नंबर आहे," असं म्हणून त्यांनी सरळ चहा मागवला. आवाज असा की खालच्या मजल्यावरचा चहावाला न बोलावता वर यायचा. साध्या बोलण्यात त्यांची मराठी तुमच्याआमच्यासारखी. डोकं फिरलं की मालवणी सुरू व्हायची, आणि ती सुरू झाली की मी त्यांची पाण्याची बाटली आपल्याकडे ओढून घ्यायची. एकदा त्यांनी ती सचिवांच्या दिशेने फेकली होती. नेम चुकला, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं.

अनुदान कसं द्यायचं, ते सांगते, कारण संतापाचं मूळ तिथे आहे. मंडळांनी अर्ज करायचा. मग समितीसमोर येऊन पडद्यावर चित्रं दाखवायची, थोडक्यात बोलायचं. आम्ही गुण द्यायचे. आता पडद्यावर चित्रं कोण दाखवणार? ज्यांच्याकडे संगणक आहे, फोटो काढणारं कोणी आहे आणि गोड इंग्रजी बोलणारी सून आहे, ते. बाकीचे दाराशी पिशव्या घेऊन बसायचे आणि नाव पुकारलं की घाबरून चपला बाहेर काढून आत यायचे. कोणी चपला काढल्या की कुंदाताई ओरडायच्या, "घाला त्या पायात! देवळात आलात काय?"

अंधेरीच्या एका मोठ्या सोसायटीचा अर्ज मला चांगला आठवतो. कार्यक्रमाचं नाव 'रंगसंध्या, सर्वांसाठी'. अपंग मुलांना बसने आणायचं, एकसारखे टीशर्ट द्यायचे, सोसायटीच्या मुलांबरोबर स्टेजवर उभं करायचं, एक गाणं, फोटो, वडापाव, परत बस. पडद्यावर फुगे उडत होते. बोलणाऱ्या बाईंचे डोळे भरून आले होते. सगळे माना डोलावत होते. कुंदाताईंनी विचारलं, "मुलांनी मुतायचं कुठे?"

बोलणाऱ्या बाईंनी डोळे पुसायचे थांबवले.

"नाही, तुमच्या क्लबहाऊसच्या संडासाला पायऱ्या आहेत. मी काल बघून आले. बसचा वेळ, कार्यक्रमाचा वेळ, परत बसचा वेळ. तोवर मुलांनी काय करायचं? की त्यांना आदल्या दिवसापासून पाणी पाजणार नाही?"

त्या बाई म्हणाल्या, "तसा काही प्रश्न आमच्या मनात आला नव्हता."

"येणार कसा? तुम्हाला लागलेली असते तेव्हा तुमचं तुम्ही उठून जाता."

अनुदान त्या सोसायटीलाच मिळालं. त्यांना सर्वांत जास्त गुण होते. मुलांना लंगोट बांधून आणलं होतं, हे मला नंतर एका आईनेच सांगितलं. बारा-चौदा वर्षांची मुलं. समितीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो छापला, टीशर्टातला.

अर्ज आला की आधी ती जागा स्वतः जाऊन बघायची, हा कुंदाताईंचा नियम. समितीचा तसा नियम नव्हता. भाडं कोणी देत नसे. रिक्षात कॅलिपरचा पाय आडवा करून बसायच्या आणि ड्रायव्हरला रस्ताभर सूचना द्यायच्या. मानखुर्दला त्या मला घेऊन गेल्या, तेव्हा मी नाखुशीनेच गेले होते.

तिथल्या एका गल्लीतल्या आयांचा अर्ज होता. पडदा नाही, फुगे नाहीत. अंथरुणावरून उठू न शकणारी, बोलू न शकणारी त्यांची मुलं. आया घरकामाला जातात. गल्लीत एक रिकामी खोली भाड्याने मिळते; दुपारी मुलं तिथे ठेवू, एक बाई त्यांना सांभाळेल, भरवेल. बस, एवढंच. समितीने अर्ज फेटाळला होता. कारण नियम असा की लाभ घेणाऱ्यांत निम्मे तरी 'सर्वसाधारण समाजातले' हवेत. सगळीच मुलं अपंग असतील तर त्यात समावेशन कुठलं? "हा तर वेगळेपणा जोपासणारा प्रकल्प झाला," असं अध्यक्षांचं मत पडलं होतं.

अर्जावर पहिली सही सविता कांबळेची होती. तिच्या घरी आम्ही गेलो तेव्हा ती चेंबूरला स्वयंपाकाच्या कामावर होती. शेजारणीने दार उघडलं. आत जमिनीवर गोधडीवर अकरा-बारा वर्षांची मुलगी पडली होती. कमरेला ओढणी, आणि ओढणीचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. डोक्याखाली उशी, जवळ रेडिओ चालू. अंगाला पावडर लावलेली, केस विंचरून दोन रिबिनी बांधलेल्या. आम्हाला बघून ती हसली.

तेवढ्यात सविता धावत आली. दोन कामांच्या मध्ये ती रोज असं धावत येऊन मुलीला बघून जायची. आमच्या नजरा कुठे आहेत, ते तिला कळलं.

"बाई, काय करू सांगा ना," ती म्हणाली. "नाही बांधलं तर पूर्वा सरकत सरकत मोरीत जाते. एकदा बादलीत तोंड गेलं होतं तिचं. मी काम सोडलं तर खायचं काय?"

कुंदाताईंनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. पूर्वाच्या गालाला हात लावला, सविताला "पाणी पी आधी," म्हणाल्या. बाहेर रिक्षात बसलो आणि मग त्यांचा बांध फुटला. "चेडवाक बांधून ठेवूक लागता गो! आणि ते मेले म्हणतत, ह्यात समावेशन खंय आसा!" माझी बाटली मी आधीच लांब ठेवली होती. त्या रडत होत्या, आणि रडू येतंय याचाच त्यांना आणखी राग येत होता.

त्यांनी फेरतपासणीची मागणी लावून धरली. दर बैठकीत तेच. शेवटी कंटाळून अध्यक्ष आणि सचिव मानखुर्दला आले. मीही गेले. गल्लीतल्या त्या रिकाम्या खोलीचं दार उघडलं, तर आत पाय ठेवायला जागा नाही. भिंतीकडेने गोधड्यांवर मुलं, आणि त्यांच्यामध्ये भाजीवाली टोपलीसकट, न्हावी, गॅसची सिलिंडरं पोचवणारा, दोन रिक्षावाले, कॅरम खेळणारे म्हातारे. न्हावी खरोखरच एका मुलाचे केस कापत होता.

"हे सगळे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"सर्वसाधारण समाज," कुंदाताई म्हणाल्या. "निम्म्याहून जास्त आहे. मोजा."

नाक मुठीत धरून अनुदान मंजूर झालं. पण आमच्या समितीच्या कागदांत दर ओळीखाली एक खड्डा असायचाच. पैसा फक्त 'कार्यक्रमासाठी' वापरायचा. महिन्याचं भाडं चालणार नाही, सांभाळणाऱ्या बाईचा पगार चालणार नाही. काय चालेल? हॉलचं भाडं, सूत्रसंचालकाचं मानधन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत आणि चहापान.

मी म्हटलं, संपलं सगळं. कुंदाताई म्हणाल्या, "कुठे संपलं? रोज कार्यक्रम करायचा."

आणि त्यांनी तो केला. मानखुर्दच्या त्या खोलीत रोज दुपारी उद्घाटन व्हायचं. दारावर कापडी फलक, 'एकदिवसीय सामाजिक समावेशन कार्यक्रम', आणि तारखेच्या जागी रोज नवी चिठ्ठी. समई लागायची. गल्लीतलीच हसीना नावाची बाई मुलांना सांभाळायला ठेवली होती. ती कागदोपत्री सूत्रसंचालिका. ती आपली मुलांची तोंडं पुसत पुसत म्हणायची, "आज के प्रमुख पाहुणे आले आहेत, टाळ्या." चहापान म्हणजे मुलांची मऊ खिचडी. प्रमुख पाहुणा रोज वेगळा, कारण नियमात पाहुणा होता. गल्लीतलं कोणी सुटलं नाही. एका रिक्षावाल्याचं भाषण मी स्वतः ऐकलं. "मला बोलता येत नाही. मुलं चांगली आहेत. मीटर चालू आहे." एवढं बोलून तो गेला. मग नारळ फुटायचा. तो खळ्ळकन आवाज झाला की पूर्वा हातपाय ताठ करून खदाखदा हसायची आणि तिचं बघून बाकीची मुलं हसायची. उद्घाटन संपलं की खोलीत जे चालायला हवं ते चालायचं. मुलांना भरवणं, कूस बदलणं, हातापायांना तेल लावणं. ओढणी सविताच्या खांद्यावर परत गेली. सगळ्याची नोंद जशीच्या तशी समितीकडे जायची. एक अक्षर खोटं नव्हतं.

मला ते भलतंच आवडलं होतं. मुलुंडला घरी येऊन मी हसून हसून सगळ्यांना सांगायची. एकदा त्यांच्यासमोरच हसले. कुंदाताई हसल्या नाहीत.

"तुका हसूक येता," त्या म्हणाल्या. "माका लाज वाटता. चेडवाक दोन घास भरवूक रोज नारळ फोडूचो लागता."

ते वाक्य ऐकल्यापासून मला त्यात गंमत वाटेनाशी झाली.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा विषय आला. समितीने दरम्यान गुणांत 'नावीन्य' नावाचा नवा रकाना घातला होता. सचिवांनी मानखुर्दसमोर शून्य मांडलं. अध्यक्ष अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बाई, तुमची कळकळ आम्हाला कळते. पण गेल्या वर्षी केलं तेच पुन्हा. यात नवीन काय आहे?"

कुंदाताई कॅलिपरची गुडघ्याजवळची कळ लावून उभ्या राहिल्या. एरवी बैठकीत त्या बसूनच बोलायच्या.

"पूर्वा गेल्या वर्षी उठून बसू शकत नव्हती," त्या म्हणाल्या. "यंदाही बसू शकत नाही. पुढच्या वर्षीही बसणार नाही. तिला भूक रोज लागते, तीच जुनी भूक. तिने तुमच्यासाठी नवीन काय करायचं साहेब? उडून दाखवायचं?"

मान खाली घालून सगळे आपापल्या कागदावर काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते कोण जाणे. अध्यक्षांनी मानखुर्दच्या बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. दोनच हात वर गेले, कुंदाताईंचा आणि माझा. मानखुर्दच्या वाट्याचं अनुदान एका मॉलमधल्या 'समावेशक सेल्फी भिंती'ला गेलं. भिंतीवर पंख काढले होते. त्यांच्यासमोर व्हीलचेअर ठेवून फोटो काढायचा. व्हीलचेअर मॉलचीच. चालणारे लोक तिच्यात बसून फोटो काढून घ्यायचे, मी स्वतः पाहिलं आहे. मला तेव्हा ती भिंत हाताने खरवडून काढावीशी वाटली होती आणि आजही वाटते.

खोली गेली. मालकाने ती माल ठेवायला दिली. हसीनाने दुसरीकडे काम धरलं. तिचं तरी कसं चुकलं म्हणायचं? समितीची फेररचना झाली आणि आम्हा दोघींची नावं गळली. आपल्याकडे माणसाला काढायचं असलं की आधी त्याचा सत्कार करतात. आमचाही ठेवला. कुंदाताई आल्या नाहीत. फोनवर "पाय दुखतोय, घरीच असते," म्हणाल्या. त्यांची शाल आणि स्मृतिचिन्ह अध्यक्षांनी माझ्या हातात दिलं, "तुम्हीच पोचवा," म्हणाले.

काही दिवसांनी मी घाटकोपरला गेले, तर खोलीला कुलूप. शेजारी म्हणाले, "त्या सकाळीच जातात मानखुर्दला. रोजच जातात." मी तशीच पुढे गेले.

सविताच्या दाराला बाहेरून कडी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता पोरीला कोंडूनच ठेवायला लागली की काय ही, असं वाटलं. कडी काढून दार ढकललं.

आत पूर्वा होती, आणि तिच्याशेजारी जमिनीवर भिंतीला पाठ टेकून कुंदाताई. कॅलिपर काढून बाजूला ठेवलेलं. पूर्वाचं डोकं त्यांच्या चांगल्या पायावर.

"कोण? अलका? ये. दार लोट." मग माझ्या हातात काय आहे, ते त्यांना दिसलं. "ती नायलॉनची शाल परत ने. पोरीला घाम येतो."

मी विचारलं, हे काय चाललंय.

"काय चाललंय? सविता कामाला जाते, मी बसते. कॅलिपर घालून खाली बसता येत नाही, आणि काढून बसले की उठता येत नाही. सविता आली की मला उठवते. तोवर आम्ही दोघी."

"अहो, पण तुम्हाला काही झालं तर?"

"तर पूर्वा ओरडेल. उगाच फाटे फोडू नको. ती वाटी घे, तिला भरव. माझा हात दुखतोय."

मी खाली बसून भरवायला लागले. दुसऱ्याच घासाला त्या खेकसल्या, "चमचो दातार काय आपटतंस? ओठाक लाव. ती आपणच तोंड उघडता." मी ओठाला लावला. पूर्वाने तोंड उघडलं. वाटी संपायला बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात कुंदाताईंनी अध्यक्षांना, सचिवांना, त्या पंखांच्या भिंतीला आणि मधूनमधून मलाही यथेच्छ शिव्या दिल्या. पूर्वा त्यांच्या तोंडाकडे बघून हसत होती. मी म्हटलं, सविता येईपर्यंत थांबते. त्या म्हणाल्या, "कशाला? तुझं घर मुलुंडला, निघ वेळेवर. जाताना कडी घाल."

"बाहेरून?"

"मग मी उठून आतून घालू?"

मी बाहेर आले, दार ओढलं आणि कडीला हात लावून तशीच उभी राहिले. शहराने सगळ्यांना सामावून घ्यावं म्हणून नेमलेली बाई आत जमिनीवर बसली होती आणि तिला कोंडायची पाळी माझ्यावर आली होती. माझ्याने कडी सरकेना.

आतून तो एक्स्चेंजचा आवाज आला, "घाल गो! कुत्रे येतत."

मी कडी घातली.